जिप्सीला डिजिटल डॅश बसवायचा आहे. काटे काढू की राहू देत?

जिप्सीवाला_फोंडा | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढायची वेळ आली.

आमच्याकडे १९९८ ची जिप्सी आहे. कार्ब्युरेटरवाली, १३०० सीसी. रस्त्यावर काढत नाही, फक्त ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मातीवरच्या वेळेच्या स्पर्धांसाठी ठेवली आहे. गाडी माझी, चालवतो मेव्हणा, खर्च माझा आणि कप त्याच्या शोकेसमध्ये. असो.

गेल्या एप्रिलमध्ये सड्यावरच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीला इंजिन बसलं. उघडलं तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा भुगा. तेल पोचलं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मेव्हणा छातीवर हात ठेवून म्हणतो, तेलाचा दिवा लागलाच नाही. मी म्हणतो लागला असणार, तुला दिसला नाही. दुपारचं ऊन, काचेवर लाल धूळ आणि दिवा केवढा, तर वालाच्या दाण्याएवढा.

आता इंजिन नवीन बांधून घेतलंय. मनात आहे की या वेळी जुने काटे काढून डिजिटल डॅश बसवावा, आणि तोही सगळं साठवून ठेवणारा. म्हणजे पुन्हा असं झालं तर वाद नको, रेकॉर्ड समोर. मुंबईच्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने सांगितलेल्या आकड्यात अजून एक जुनी जिप्सी येते.

खरंच एवढ्याची गरज आहे का? मोबाइलवर भागेल का? आणि साठवायचं म्हणजे नक्की काय काय साठवायचं?

सुशेगाद | रविवार, रात्री १०:२०

आधी मेव्हणा बदला. स्वस्तात पडेल.

जिप्सीवाला_फोंडा | रविवार, रात्री १०:२२

बायको हा धागा वाचते.

सुशेगाद | रविवार, रात्री १०:२३

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

काटाप्रेमी | रविवार, रात्री ११:०५

माझं वय ६४, मडगाव. मत जुनं वाटेल, तरी सांगतो.

आकडा वाचावा लागतो, काटा नुसता दिसतो. हा फरक गाडीत बसून दगड-खड्डे खाताना कळतो. पूर्वी रेसच्या गाड्यांत मीटर सरळ बसवतच नसत. सगळं ठीक असताना प्रत्येक काटा बाराच्या ठोक्यावर उभा राहील, अशा बेताने मीटर त्याच्या भोकात फिरवून बसवायचे. मग आकडे उलटे होवोत नाहीतर आडवे, ड्रायव्हरला वाचायचेच नसतात. चार काटे उभे म्हणजे ठीक. एक जरी कलला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून लगेच जाणवतो.

आणि साठवण्याचं म्हणाल तर तेही काट्यांतच होतं. रेसच्या टॅकोमीटरला एक जादा बारीक काटा असायचा. मुख्य काटा त्याला पुढे ढकलत न्यायचा आणि परत येताना तिथेच सोडून यायचा. गाडी पिटमध्ये आली की मालक आधी तो काटा बघायचा. ड्रायव्हर म्हणतो सहा हजारांच्या वर नेलीच नाही, आणि काटा उभा साडेसात हजारांवर! डेटा लॉगर म्हणतात तो हाच. बॅटरी नाही, केबल नाही.

तेव्हा काटे ठेवा. तेलाच्या प्रेशरचा एक चांगला मेकॅनिकल मीटर बसवा आणि मोकळे व्हा.

पेठेतला_पाहुणा | सोमवार, सकाळी ८:४०

एवढा विचार कशाला करता राव. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकाकडून माहिती घेणारा ब्लूटूथ डोंगल घ्या, हजाराच्या आत मिळतो. मोबाइलवर रेसक्रोनोसारखं ॲप टाका. आरपीएम, तापमान, लॅप टाइम, सगळं येतं. माझ्या स्विफ्टमध्ये दोन वर्षं चालू आहे, काडीचाही त्रास नाही.

मिलीव्होल्ट | सोमवार, सकाळी ९:१५

१९९८ ची कार्ब्युरेटरवाली जिप्सी. डोंगल लावणार कुठे, सिगारेट लायटरमध्ये?

आपल्याकडे ओबीडीची सक्ती २०१० पासून, भारत स्टेज ४ बरोबर आली. या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणकच नाही, त्यामुळे विचारायला कुणी नाही आणि उत्तर द्यायलाही कुणी नाही. शिवाय ज्या गाड्यांत ओबीडी आहे तिथेही तो डोंगल एक प्रश्न विचारतो, उत्तराची वाट बघतो, मग दुसरा विचारतो. चार-पाच गोष्टी मागितल्या की प्रत्येकीची पाळी सेकंदात एक-दोनदाच येते. कुलंट तापमानाला चालेल, बाकी कशाला नाही. आणि तेलाचं प्रेशर बहुतेक साध्या गाड्यांच्या ओबीडीत नसतंच. तिथे सेन्सर नसतो, नुसता स्विच असतो.

मोबाइलचं जीपीएससुद्धा साधारण सेकंदाला एकदा जागा सांगतं. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ऑटोक्रॉसचा अख्खा हेअरपिन दोन ठिपक्यांत संपेल. १० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला दहा ठिपके देणारं बाहेरचं जीपीएस ब्लूटूथने जोडलं तर तेच ॲप खूप उपयोगाचं होतं, ते मान्य. पण एप्रिलच्या उन्हात काचेमागे फोन ठेवून बघा. आधी स्क्रीन मंद होते, मग तापल्याची सूचना येते, मग फोन गार होईपर्यंत तुम्ही गरम.

धागाकर्त्यांना एक साधा प्रश्न: चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी तो तेलाचा दिवा लागतो का?

पेठेतला_पाहुणा | सोमवार, सकाळी ९:३०

बरं बरं दादा, स्विफ्टपुरतं बोललो.

मिलीव्होल्ट | सोमवार, सकाळी ९:३२

ताई.

सुशेगाद | सोमवार, सकाळी ९:३३

पाहुणे, चहा घ्या. सोमवारची सुरुवात जड गेली.

लाल_धूळ | सोमवार, दुपारी २:५०

मी आठेक वर्षं गाडी पळवली. माती इथली, डांबर कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेचं आणि चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचं. त्यातून एक गोष्ट कळली ती अशी की डॅश आणि लॉगर एका डब्यात मिळतात म्हणून लोक ती एकच वस्तू समजतात. मुळात ती दोन कामं आहेत.

डॅश ड्रायव्हरसाठी. त्याला तीनच गोष्टी हव्यात: गिअर कधी बदलू, काही बिघडलंय का, आणि वाटलं तर आधीच्या फेरीपेक्षा पुढे आहे की मागे. ताशी १०० ला सेकंदाला २८ मीटर जातात. तिथे कुणी ऑइल टेम्परेचर ९४ आहे की ९७ हे वाचत नाही. चांगल्या डॅशला वर एलईडीची रांग असते. हिरवे, पिवळे, लाल, की गिअर टाक. त्याकडे बघावंही लागत नाही, उजेड जाणवतो. काटाप्रेमी काका जे उभ्या काट्यांबद्दल म्हणाले, तेच हे.

लॉगर संध्याकाळसाठी. अंगाला मातीचा वास, हातात चहा आणि समोर लॅपटॉप. दोन फेऱ्यांच्या वेगाच्या रेषा एकावर एक ठेवायच्या, वेळेवर नाही, अंतरावर. मग कोपरा तिथेच येतो आणि फरक दिसतो. मला स्वतःला पहिल्यांदा काय दिसलं ते सांगतो. मी शपथेवर सांगायचो की मी उशिरा ब्रेक मारतो. रेषेत दिसलं की ब्रेकच्या आधी जवळजवळ अर्धा सेकंद मी ॲक्सिलरेटर सोडून नुसता बसलेलो आहे. ना ब्रेक, ना गॅस. भीतीच ती, पण मनाला वाटत होतं आपण धाडस करतोय. एका फेरीत असे पाच कोपरे. कुठलाही गुरू तोंडाने सांगून हे मला पटलं नसतं.

म्हणून माझा सल्ला: स्क्रीन छोटी असली तरी चालेल, साठवणारं यंत्र चांगलं घ्या. इटलीची एआयएम आणि ऑस्ट्रेलियाची मोटेक, ही दोन नावं पॅडॉकमध्ये जास्त दिसतात. दोघांची ग्राफ बघायची सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतात. विकत घेण्याआधी नमुन्याचा डेटा उघडून आठवडाभर खेळा. त्यात रस वाटला नाही तर लाखभर रुपये वाचले समजा.

काटाप्रेमी | सोमवार, दुपारी ४:१०

अर्धा सेकंद तुमच्या गुरूने काठी हाणली असती तरी सुटला असता. आम्ही कानाने गाडी ऐकायचो.

लाल_धूळ | सोमवार, दुपारी ४:३०

काका, कानाने ऐकणाऱ्यांची किती इंजिनं फुटली त्याचाही लॉग कुणी ठेवला नाही ना :)

चौथ्या_सेमची_केटी | सोमवार, रात्री ११:४८

इंजिनिअरिंगला आहे, कॉलेजच्या फॉर्म्युला टीममध्ये इलेक्ट्रॉनिक्स बघतो. विकतचा डॅश कशाला, स्वतः बनवा! ईएसपी३२ घ्या, त्यात कॅनचा (गाडीतले डबे ज्या दोन तारांवर एकमेकांशी बोलतात, त्याचा) कंट्रोलर आतच असतो, बाहेर फक्त ट्रान्सीव्हर लागतो. वर एक जीपीएस मॉड्यूल, एक एसडी कार्ड आणि स्क्रीन. चार-पाच हजारांत होतं.

आमचं कुठे कुठे अडलं तेही सांगतो, म्हणजे तुमचे महिने वाचतील:

जीपीएस मॉड्यूल १० हर्ट्झला सेट केलं तरी सेकंदाला दोन-तीनच ठिपके. मॉड्यूल ९६०० बॉडच्या वेगाने बोलत होतं, त्या नळीतून एवढं पाणी जातच नाही. ११५२०० केल्यावर सुरळीत.

एसडी कार्ड मधूनच दम खातं. लिहिता लिहिता शंभर-दोनशे मिलिसेकंद गप्प. तेवढ्यात आलेला डेटा रॅममध्ये धरून ठेवला नाही तर गेला.

आणि सगळ्यात मोठं: फेरी संपली की ड्रायव्हर किल स्विच मारतो. वीज गेली, फाइल बंद झालीच नाही, शेवटची आणि नेमकी सगळ्यात चांगली फेरी गायब. आता दर सेकंदाला फाइल कार्डावर पक्की करतो आणि वीज गेल्यावर दोन सेकंद तग धरायला मोठा कपॅसिटर टाकलाय.

स्टार्टर मारताना बॅटरी ७ व्होल्टपर्यंत पडते आणि डॅश रिसेट होतो, ते वेगळंच. पण मजा येते!

मिलीव्होल्ट | मंगळवार, सकाळी ८:५५

केटी, कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहम टाकले आहेत ना? वीज बंद करून कॅन हाय आणि लो मध्ये मल्टिमीटर लाव. ६० च्या आसपास दाखवलं तर ठीक. १२० दाखवलं तर एक टोक उघडं आहे.

चौथ्या_सेमची_केटी | मंगळवार, सकाळी ९:२०

ताई, ४० दाखवतोय.

मिलीव्होल्ट | मंगळवार, सकाळी ९:२२

म्हणजे तीन रेझिस्टर लागलेत. मधल्या एखाद्या विकतच्या बोर्डावर आधीच बसवलेला असेल, तो शोध आणि काढ.

चौथ्या_सेमची_केटी | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

सापडला!!! दोन महिने हैराण होतो. देव बरें करूं!

पेठेतला_पाहुणा | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

धागा कुणाचा, फायदा कुणाचा.

बाकी एक विचारतो. हे सगळं लाइव्ह बाहेर बघता येत नाही का? टीव्हीवर एफ-वनमध्ये पिटमधले लोक सगळं बघत असतात.

लाल_धूळ | मंगळवार, रात्री ९:००

ती टेलिमेट्री, म्हणजे रेडिओवरून पाठवणं. लॉगिंग म्हणजे गाडीतच साठवणं. एफ-वनमध्ये एके काळी पिटमधून उलट गाडीतल्या सेटिंगही बदलता यायच्या, ते २००३ पासून बंद केलं. आता गाडीतून बाहेर, एवढीच दिशा. ऑटोक्रॉसला मेव्हणा शंभर मीटरवर असतो, हाक मारली तरी ऐकू जाते.

टिप्पर_दोतोर | बुधवार, पहाटे ५:४०

डिचोलीत ट्रकची वायरिंग करतो, २२ वर्षं झाली. रेसमधलं काही कळत नाही. पण हलणारी, धूळ खाणारी, भिजणारी गाडी कळते.

तुम्ही सगळे डब्यांबद्दल बोलताय. डबा कधी मरत नाही हो, जोड मरतो. आपल्या हवेत तांबं चार महिन्यांत हिरवं होतं, समुद्राजवळ तर दोन. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळली की टेपच्या आत पाणी साठतं, मग बाहेरून सगळं छान आणि आतून पावडर. क्रिंप करा, वर आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह घाला. रबरी सील असलेले कनेक्टर वापरा, आणि ज्या भोकात वायर नाही तिथे रबरी बूच घाला. ते भोक उघडं ठेवलं की मुंग्या. हसू नका. एकदा माझ्याकडे टिप्पर आला, मीटर आपोआप नाचतोय म्हणून. कनेक्टर उघडला तर आत मुंग्यांची अंडी. रेसची गाडी तर वर्षातून चार-पाचदाच हलते, म्हणजे मुंग्यांना भाडं न देता घर.

दुसरं, इंजिनला आणि बॉडीला जाड अर्थ वायर वेगळी द्या. निम्मे रोग अर्थचे असतात.

सुशेगाद | बुधवार, सकाळी ८:१०

खाणीच्या टिप्परांना जीपीएस सक्तीचं झालं तेव्हाचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे, दोतोर.

टिप्पर_दोतोर | बुधवार, सकाळी ८:४५

किस्सा कसला, रोजचं होतं. एक ड्रायव्हर आला, म्हणतो जीपीएस बिघडलंय, मालक ओरडतो. बघतो तर अँटेनावर जेवणाच्या डब्याची चांदीची पट्टी गुंडाळलेली. मी पट्टी काढली, यंत्र दुरुस्त. त्याने पैसे दिले आणि म्हणाला, उद्या परत बिघडेल.

तेव्हा तुमच्या मेव्हण्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी अँटेना ठेवू नका.

काटाप्रेमी | बुधवार, सकाळी १०:००

हा माणूस आवडला मला.

मिलीव्होल्ट | बुधवार, रात्री ९:४०

दोतोरांच्या अर्थच्या मुद्द्याला +१, आणि त्याचं गणित मांडते, कारण धागाकर्त्यांचं सगळं दुखणं तेलाच्या प्रेशरभोवती आहे.

नेहमीचा तीन तारांचा प्रेशर सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. शून्य प्रेशरला अर्धा व्होल्ट देतो आणि पूर्ण प्रेशरला, समजा १० बारला, साडेचार. म्हणजे १० बार चार व्होल्टमध्ये बसवलेत. आता सेन्सरची अर्थ तुम्ही बॉडीला जोडली, पंखा चालू झाला आणि त्या पत्र्यात ०.१ व्होल्टचा फरक पडला, की प्रेशर पाव बारने खोटं. हेडलाइट लावल्यावर तेलाचं प्रेशर वाढतं, अशा तक्रारी मी ऐकल्या आहेत. म्हणून सेन्सरची अर्थ डॅशच्या सेन्सर-अर्थच्या पिनलाच न्यायची, दुसरीकडे कुठेही नाही.

बसवताना आट्यांकडे बघा. जपानी इंजिनात तेलाच्या स्विचच्या जागी १/८ बीएसपीटी आटे असतात, इंचाला २८. बाजारातले बरेच सेन्सर १/८ एनपीटी, इंचाला २७. दोन-तीन फेरे गोड लागतात, मग घट्ट होतं. तिथे जोर लावलात की एकतर गळतं नाहीतर ब्लॉकचा कान तुटतो. ॲडॅप्टर मिळतो, तो घ्या. आणि सेन्सर थेट इंजिनवर लटकवू नका, कंपनांनी मान मोडते. छोटी ब्रेडेड होज घेऊन फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवा.

साठवायचं काय, तर तेलाचं प्रेशर सेकंदाला निदान २० वेळा. कारण तेल एका बाजूला गेलं की प्रेशर अर्धा सेकंदच पडतं आणि बेअरिंगला तेवढं पुरतं. पाण्याचं तापमान सेकंदाला एकदा भरपूर झालं. सस्पेन्शनची हालचाल मोजायची तर २०० वगैरे लागतात, ते आत्ता सोडा. जागेची काळजी करू नका. २० गोष्टी, प्रत्येक सेकंदाला ५० वेळा, प्रत्येकी दोन बाइट, असं धरलं तरी तासाला सव्वासात एमबी. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारी फुलं त्याहून जास्त जागा खातात.

आणि तो दिवा तपासलात का?

जिप्सीवाला_फोंडा | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं असं: एक जुना, वापरलेला डॅश-लॉगर बेळगावच्या एका रेसरकडून मिळतोय, जीपीएससकट. तेलाचं प्रेशर, पाण्याचं तापमान, आरपीएम आणि त्याच्या आतला जी-सेन्सर (ब्रेक, गॅस आणि वळणाचा जोर मोजणारा), एवढंच. काकांचा मान राखून प्रेशरचा एक काटा पण ठेवतोय, बाराच्या ठोक्यावर. वायरिंग करायला दोतोरांना फोंड्याला बोलावलं आहे, जेवण माझ्याकडे.

दिव्याचं बघतो वेळ मिळाला की.

लाल_धूळ | गुरुवार, रात्री १०:५०

अलार्म लावताना नुसतं "प्रेशर कमी" असं लावू नका. आयडलिंगला प्रेशर कमीच असतं, दिवा सतत लागेल आणि मेव्हणा त्यावर चिकटपट्टी मारेल. अट दुहेरी लावा: आरपीएम २५०० च्या वर आणि प्रेशर दीड बारच्या खाली. तेव्हाच मोठा लाल दिवा. जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला १० पीएसआय असा आहे, म्हणजे ५००० ला ५० पीएसआय, साडेतीन बारच्या आसपास दिसायला हवं.

आणि मेव्हणा पोलराइज्ड गॉगल घालत असेल तर आधी स्क्रीनसमोर डोकं वाकडं करून बघायला सांगा. काही एलसीडी त्यातून चक्क काळ्या दिसतात. हे मी पैसे मोजून शिकलोय.

---

जिप्सीवाला_फोंडा | तीन आठवड्यांनी, शनिवार, संध्याकाळी ६:१५

बसवला! दोतोरांनी दोन दिवस घेतले, वायरिंग अशी की बघत बसावं. पहिल्यांदा चालू केला तर आयडलिंगला १८०० आरपीएम, जरा पाय दिला की ९०००, आणि पूर्ण दाबल्यावर १२,५००! मेव्हणा जाम खूश.

मिलीव्होल्ट | शनिवार, संध्याकाळी ६:२०

चार सिलिंडर, डिस्ट्रिब्युटर, एकच कॉइल. एका फेऱ्यात दोन ठिणग्या. तुमच्या डॅशमध्ये एका फेऱ्याला एक असं सेटिंग असेल. दोन करा. आणि कॉइलच्या निगेटिव्हवरून थेट तार घेतली नाही ना? तिथे काही शे व्होल्टचा झटका येतो.

टिप्पर_दोतोर | शनिवार, संध्याकाळी ६:४०

ताई, मधे ॲडॅप्टर टाकलाय. मी थेट जोडीन का? सेटिंग मात्र यांनी केलं.

सुशेगाद | शनिवार, संध्याकाळी ६:४५

काही सांगू नका त्यांना. एफ-वनची मर्यादा १५ हजारांची आहे, अजून थोडा वाव आहे.

जिप्सीवाला_फोंडा | रविवार, रात्री ११:२०

आज सड्यावर सराव केला. ग्राफ समोर ठेवून लिहितोय, हात थोडा थरथरतोय.

आरपीएम आता बरोबर. सरळ पट्ट्यात ५००० ला ३.८ बार, मस्त. उजवी वळणं, काही नाही. पण शेवटचं ते लांब डावं वळण, जिथे गाडी खूप वेळ आडवी जाते, तिथे प्रत्येक फेरीत प्रेशर पडतं. एका फेरीत ०.९ बारपर्यंत, जवळजवळ पाऊण सेकंद. लाल दिवा पेटला, मेव्हण्याने लगेच पाय काढला. थांबून डिपस्टिक बघितली तर तेल खालच्या खुणेला. फिल्टर नवीन घातल्यावर तेल फिल्टरमध्ये भरतं आणि पातळी उतरते, ते परत बघायचं राहून गेलं होतं. वरच्या खुणेपर्यंत भरून पुन्हा पळवली, तर त्याच वळणात २.६ च्या खाली गेलं नाही. आता संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) काढून आत पत्र्याचा पडदा घालतोय, म्हणजे तेल एका कडेला पळणार नाही.

आणखी एक. लाल_धूळ म्हणाले तसं सगळं अंतरावर मांडून बघितलं. त्याच डाव्या वळणाच्या आधी जी-सेन्सरमध्ये ब्रेकचा जोर दिसत नाही, गॅसचाही नाही, बराच वेळ नुसतं ०.१. बाकी कुठल्याच वळणावर असं नाही. आणि हा माणूस घरी सांगतो की मी पाय काढतच नाही!

मिलीव्होल्ट | रविवार, रात्री ११:३५

फार छान काम केलंत. आणि दिवा?

जिप्सीवाला_फोंडा | रविवार, रात्री ११:५०

ताई, तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत म्हणून आत्ता बॅटरी घेऊन शेडमध्ये जाऊन आलो. चावी फिरवली. दिवा लागत नाही. स्विचची तार आतून तुटलेली आहे, दोतोर म्हणाले तशीच, टेपच्या आत हिरवी पावडर. जुनी वायर आहे, कधीपासूनची कोण जाणे. दोतोरांनी डॅशचं सगळं नवीन ओढलं, ही जुनी तार मीच "असू दे" म्हणालो होतो.

टिप्पर_दोतोर | सोमवार, पहाटे ५:३०

म्हणालात.

मिलीव्होल्ट | सोमवार, सकाळी ८:३०

तार चांगली असती तरी फरक पडला नसता. तो कंपनीचा स्विच प्रेशर ०.३ बारच्या आसपास उतरलं तरच दिवा लावतो. ०.९ ला तो सुखाने झोपलेला असतो. गेल्या वर्षी बेअरिंग अशाच पाऊण-पाऊण सेकंदांनी गेलं असेल, दिवा न लागता. म्हणजे तुमचा मेव्हणा खरंच बोलत होता.

काटाप्रेमी | सोमवार, सकाळी ९:१०

त्या डाव्या वळणात माझा बाराच्या ठोक्यावरचा काटा पडला होता का, ते विचारा त्याला.

मेव्हणा_नंबर_१ | सोमवार, रात्री ९:००

ताईने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. सगळा धागा वाचला. कपाचं पण वाचलं.

काका, काटा पडला, दिव्याच्या आधी दिसला. घड्याळात नऊ वाजल्यासारखा.

भावजी, त्या वळणाआधी मी पाय काढतो कारण तिथे वरून टकटक ऐकू येते. गेल्या सीझनपासून येते. एप्रिलमध्ये पहिल्या फेरीनंतरच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, जिप्सी आहे, वाजणारच.

काटाप्रेमी | सोमवार, रात्री ९:०४

कान!

लाल_धूळ | सोमवार, रात्री ९:१०

काका, मान्य. हा सामना तुमचा.

सुशेगाद | सोमवार, रात्री ९:१२

वहिनी वाचतायत ना?

जिप्सीवाला_फोंडा | सोमवार, रात्री ९:४०

वाचतायत. जेवण गार मिळालं.

मेव्हणा_नंबर_१ | सोमवार, रात्री ९:५५

शिगम्याला येतो तेव्हा कप घेऊन येतो, ठेवा तुमच्याकडे. फक्त एक विचारायचं होतं मिलीव्होल्ट ताईंना. डिपस्टिक शेवटची कुणी आणि कधी बघितली, हे त्या यंत्रात साठवता येतं का?